एकही केस न कापता

आश्विनातल्या उन्हाला भाजल्या पोह्यांचा वास असतो. भाद्रपदाचा दमटपणा भिंतींतून, दारांच्या चौकटींतून, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून हळूहळू निघून जातो आणि आमच्या कल्याणात घरोघरी मागची अंगणं भरू लागतात. गोधड्या, सुपं, लोणच्याच्या बरण्या, जे जे चार महिने अंधारात कोंडलं होतं ते ते बाहेर येऊन उन्हात बसतं. यंदा आमच्या घरचं सगळं मी एकट्यानं बाहेर काढलं. गेल्या वर्षीपर्यंत हे काम येसूचं होतं. येसू माझी धाकटी बहीण. ती ज्येष्ठात गेली, साध्या तापानं, पाच दिवसांत.

गोधड्यांच्या चळतीत सगळ्यांत खाली एक फाटकी, अर्धीच गोधडी होती. ती माणसाची नव्हेच. तिच्या टाक्यांत अजून तांबूस, लांब केस अडकलेले आहेत. वीस वर्षांच्या धुण्यांनीही ते गेले नाहीत. मी गोधडी दोरीवर टाकली आणि ऊन त्या केसांतून आरपार गेलं. वाटलं होतं, आज डोळे भरून येतील. तसं झालं नाही. उलट छाती फुगली, एखादी पैज जिंकलेल्या माणसाची फुगावी तशी. शोकात असं होणं योग्य की अयोग्य, मला ठाऊक नाही. पण ज्या एका आश्विनाची आठवण त्या केसांबरोबर वर आली, तो आश्विनच तसा होता.

कुत्र्याचं नाव काथ्या. रंग नारळाच्या काथ्यासारखा, म्हणून ते आम्ही ठेवलेलं. आधी त्याला इंग्रजी नाव होतं. ते एका साहेबाबरोबर विलायतेला परत गेलं. त्या वेळी रेल्वेच्या कामावर एक इंजिनियर साहेब कल्याणात राहायला होता. मी नुकताच इंग्रजी शाळेत मास्तर झालो होतो आणि संध्याकाळी त्याच्या बंगल्यावर जाऊन त्याला मराठी शिकवत असे. साहेब खुर्चीत बसून 'मी जातो, तू जातोस' म्हणे आणि कुत्रा टेबलाखाली माझ्या पायांवर हनुवटी ठेवून ऐकत राही. आषाढ लागताच साहेबाला मायदेशी परतण्याचा हुकूम आला. जाताना तो म्हणाला, "मास्तर, मराठी माझ्यापेक्षा हाच जास्त शिकला. हा तुम्ही ठेवा." मला नाही म्हणता आलं नाही. त्या काळी मला कुणालाच नाही म्हणता येत नसे.

साहेबानं कुत्र्याबरोबर त्याचा ब्रशही दिला होता. आईनं लांबूनच विचारलं, "हे केस कसले रे?" मी खरं ते सांगितलं, डुकराचे. आईनं चिमट्यानं ब्रश उचलला, हात शक्य तितका लांब धरून तो मागच्या कुंपणापर्यंत नेला आणि उकिरड्यावर टाकला. मग चिमटा घासला. मग स्वतः आंघोळ केली. मग मला म्हणाली, "आता तूही कर."

अशा घरात काथ्यानं पाऊसकाळ काढला. त्याची जागा मागच्या पडवीत, सरपणाशेजारी. साहेबाच्या बंगल्यावर एक नोकर रोज त्याचे केस विंचरी. आमच्याकडे त्याला दोन वेळा भात मिळे आणि शाळेतून आलं की माझे दोन शब्द. तो दिवसभर कुंपणापलीकडच्या रानात हिंडे आणि ओला होऊन परते. आघाड्याचे काटेरी दाणे, गवताची कुसळं, चिखल, सगळं त्याच्या अंगात रुतून बसे. गणपती येऊन गेले तोवर त्याच्या कानांमागे, काखांत, मांड्यांवर मुठीएवढाल्या गाठी झाल्या. त्या वाळून लाकडासारख्या कडक होत आणि चालताना त्याची कातडी ओढत. शेवटी शेवटी तो बसताना कण्हायचा. अंगाला वास यायला लागला. शेजारच्या गोदाकाकू कुंपणावरून नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वासुदेवा, हे जनावर आहे की बुरसटलेलं पायपुसणं?"

घरात त्या वर्षी आम्ही तिघंच होतो. आई, येसू आणि मी. वडील आदल्या कार्तिकात वारले होते. दहाव्या दिवशी, त्याच मागच्या अंगणात, आईचे केस उतरवले गेले आणि तिनं लाल आलवण नेसलं. तेव्हापासून ती उन्हात फारशी येत नसे. येसूचं दुःख त्याहून जुनं. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं ते कायमचंच. मुलगी मोठी झाली की तिचेही केस उतरवायचे, ही आमच्यातली रीत. वडील हयात होते तोवर कुणी आठवण केली की ते म्हणत, "पुढच्या वर्षी पाहू." सहा वर्षं त्यांनी ते एकच वाक्य वापरलं. त्यांनी वाद घातला नाही, शास्त्र काढलं नाही. नुसतं पुढच्या वर्षावर ढकलत राहिले. येसू एकोणीस वर्षांची झाली. केस होते, पण त्यांना तेल नाही, फणी नाही, भांग नाही. पदराखाली एक गुंडाळा असे, तेवढंच. आता ते वाक्य म्हणायला घरात मी होतो.

भाद्रपदाच्या अखेरीला ठाण्याहून काकांचं पत्र आलं. काका वडिलांचे थोरले भाऊ, कचेरीत अव्वल कारकून, शिस्तीचे. त्यांनी लिहिलं होतं की कार्तिकात वडिलांचं वर्षश्राद्ध येतं आहे, तुझ्या आईच्यानं एकटीनं स्वयंपाक निभणार नाही, आणि केस असलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चालत नाही. तेव्हा येसूचं काम त्याआधी उरकून घ्यावं. मी उत्तर लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं होतं आणि पत्राची भाषा मला आवडायची. श्राद्धाच्या तयारीबद्दल दोन पानं लिहिली, येसूबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे उतरवलं की आपण वडील आहात, आपणांस योग्य वाटेल तसे करावे. काका त्याचा काय अर्थ घेतील हे मला माहीत नव्हतं असं मी आज म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. माहीत होतं. मी त्या सभ्य ओळीमागे जाऊन लपलो होतो. आठ दिवसांत जबाब आला: "तुझी संमती वाचून समाधान वाटले. कोजागिरीनंतरच्या बुधवारी मी येतो. धोंडबास सांगून ठेवावे."

धोंडबा आमचा न्हावी. वडिलांची हजामत त्यानं तीस वर्षं केली होती. मी त्याच्याकडे गेलो, ओट्यावर बसलो, पावसापाण्याचं विचारलं, आणि जे सांगायला गेलो होतो ते जिभेवर येईना. म्हणून म्हटलं, "धोंडबा, आमच्या कुत्र्याला भादरायचंय."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मागच्या अंगणात उभा राहिला आणि काथ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, ह्यो वस्तरा मी मानसांच्या डोक्याला लावतो. ह्याला लावला नि गावात कळलं, तर उद्या माज्यासमोर डोकं कोन वाकवील?"

"मग कात्रीनं?"

"कात्री जाईल कुटं? गाठ पार कातडीला चिकटलीय. कातडी कापंल." त्यानं बोटानं एक गाठ दाबून पाहिली, काथ्या गुरगुरला. "आनि समदं काढलं तरी ऊन बघा की. आश्विनातलं ऊन उघड्या कातडीला सोसायचं नाय. माशा बसतील, जखमा व्हतील."

गोदाकाकू कुंपणापाशी आल्याच होत्या. "अरे, ती जट आहे, जट! देवीची असते. कापलीत तर कोप होईल."

"कुत्र्याच्या अंगात कुठली देवी येते हो, काकू?" हे येसू बोलली. ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती. घागर खाली ठेवून ती काथ्यासमोर उकिडवी बसली आणि त्यानं तिच्या गुडघ्याचा वास घेतला. "दादा, कापायचं कशाला? मी सोडवते."

"अगं, दिवाळी येईल तोवर," काकू म्हणाल्या.

"येऊ दे. एकही केस कापायचा नाही."

धोंडबा हसला आणि निघाला. मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो आणि तिथे, फाटकाची कडी हातात धरून, खाली बघत बुधवारचं सांगितलं. त्यानं काखेतली हजामतीची धोपटी सावरली. मग म्हणाला, "ताईला ठावं हाय?"

"नाही."

"सांगा मंग. वस्तरा यायच्या आदी मानसाला सांगावं."

मी त्या दुपारी सांगायला गेलो. येसू पडवीत बसून एका वाटीत तेल काढत होती. मी "येसू, ते काकांचं" एवढंच म्हटलं.

"पत्र मीच उंबऱ्यावरून उचललं होतं, दादा," ती म्हणाली. तिला वाचायला मीच शिकवलं होतं. "काकांचं अक्षर मोठं असतं. पाकिटातूनही दिसतं." मग वाटीतल्या तेलाकडे बघत म्हणाली, "बुधवारच्या आत ह्याचा शेवटचा गुंता सुटला पाहिजे. नंतर मला जमायचं नाही. नंतर केसांना हात लावावासा वाटणार नाही."

मी तपासायच्या वह्या घेतल्या आणि तिच्यापासून चार हातांवर जाऊन बसलो. पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी, शाळा सुटल्यावर, मी तिथेच बसलो.

फणी हवी होती. येसूच्या लग्नातली फणेरपेटी आईच्या फडताळात कुलुपात होती. आत आरसा, करंडा आणि शिसवी फणी. सात वर्षांत ती उघडली नव्हती. येसूनं फणी मागितली तेव्हा आई म्हणाली, "कुणाला?"

"कुत्र्याला."

आईनं कनवटीची किल्ली काढली. मग आत गेली, कुलूप काढल्याचा आवाज आला, आणि तिनं फक्त फणी आणून येसूच्या हातावर वरूनच टाकली. पेटी पुन्हा बंद झाली.

ते दिवस मला आज इतके स्पष्ट दिसतात की त्यांच्यापुढे आजची दुपार पुसट वाटते. केळीची पानं उन्हात न हलता उभी. विहिरीच्या रहाटाची करकर. शहाडच्या बाजूला भातशेतं पिवळी पडत चाललेली, आणि तिकडून येणारा वारा कोरडा, गवताळ. अंगणाच्या मध्यभागी ती अर्धी गोधडी, तिच्यावर कुशीवर आडवा झालेला काथ्या, आणि त्याच्या डोक्याशी येसू, पदर घट्ट खोचून. शेजारी करवंटीत मिठाचं पाणी. गोचीड निघाला की त्यात. पहिल्या दिवशी करवंटी तळापर्यंत काळी झाली आणि गोदाकाकू दोन दिवस कुंपणाकडे फिरकल्या नाहीत.

तिची पद्धत अशी. गाठ तेलात बोटांनी चोळून भिजवायची आणि तशीच ठेवून दुसरीकडे वळायचं. तेल मुरलं की दाभणाच्या टोकानं गाठीत वाट करायची, एकाची दोन, दोनाची चार. मग डाव्या हाताच्या चिमटीत केस मुळाशी पक्के धरायचे, म्हणजे वरून कितीही ओढलं तरी ओढ कातडीपर्यंत जात नाही, आणि उजव्या हातानं फणी फक्त टोकाला लावायची. टोक सुटलं की बोटभर वर. मग आणखी बोटभर. मुळापासून सुरुवात केली की गाठ घट्ट होते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी स्वतःच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांवर तीच शिकली होती. काथ्या पहिले दोन दिवस दात दाखवी. तिसऱ्या दिवशी तो आपणहून गोधडीवर येऊन पडला आणि मान ताणून दिली.

आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून बघे. बाहेर येत नसे. चौथ्या की पाचव्या दिवशी आतूनच म्हणाली, "खोबरेलानं माशा येतात. करंजेल लाव." दुसऱ्या दिवशी करंजेलाची वाटी दारात ठेवलेली होती. त्यानंतर रोज काहीतरी ठेवलेलं असे: ओली कडुलिंबाची पानं, फाटक्या लुगड्याचा मऊ तुकडा, एकदा तर गुळाचा खडा. "तो कुत्र्याला," आई म्हणाली, "का तुम्ही खाल?"

विंचरून निघालेले केस येसू एका सुपात ठेवी. ढीग वाढत गेला. गोदाकाकूंना राहवलं नाही. "काय गं, दोरी वळायचीय?"

"हो, काकू. तुमच्या विहिरीला पाठवते."

दसऱ्यापर्यंत पाठ आणि छाती सुटली. कोजागिरीपर्यंत शेपूट. शेपटीचे केस उन्हात पंख्यासारखे उघडले तेव्हा काथ्या स्वतःच चकित होऊन मागे वळून बघत राहिला. मी हसलो. येसूही हसली. आणि लगेच दोघांनाही बुधवार आठवला, कारण आम्ही दोघंही एकदमच थांबलो. माझ्या मांडीवर त्या दिवशी निबंधांच्या वह्या होत्या. विषय मीच दिला होता, 'धैर्य'. तिसरीच्या मुलांनी सिंह, वाघ आणि शिपाई यांच्याबद्दल लिहिलं होतं. मी त्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करत होतो.

मंगळवारी दुपारी रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ झाली. विहिरीपाशी फेसाचे ढीग, काथ्याचं अंग झटकणं, आणि त्यात मी, येसू आणि कुंपणापलीकडे वाळत घातलेले काकूंचे पापड, सगळं भिजलं. आता फक्त डाव्या कानामागची एक गाठ उरली. ती सगळ्यांत जुनी, सगळ्यांत कडक. येसूनं तिच्यात तेल जिरवून ठेवलं आणि म्हणाली, "ही उद्या सकाळी."

बुधवारी सकाळच्या गाडीनं काका आले. ओटीवर बसून त्यांनी पाणी घेतलं, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, आणि मागच्या अंगणात पाट मांडायला सांगितलं. पाट मीच मांडला. हे लिहायला मला आजही जड जातं, पण मांडला मीच. येसू विहिरीच्या कट्ट्यापाशी गोधडीवर बसली होती, काथ्याचं डोकं मांडीवर, आणि तिचं काम चाललं होतं. तिनं पाटाकडे पाहिलं नाही. काका म्हणाले, "आवर गं ते." ती म्हणाली, "झालंच, काका. चार केस राहिले."

खरंच चार केस राहिले होते. तिनं दाभण ठेवलं, फणी एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टोकापासून मुळापर्यंत नेली, आणि तिसऱ्या वेळी ती कुठेही न अडकता आरपार निघाली. येसूनं हात बाजूला घेतले. काथ्या उठला, अंग झटकलं, आणि पंधरा दिवसांत, कदाचित चार महिन्यांत प्रथमच, तो धावला. विहिरीभोवती, केळीभोवती, पाटाभोवती. एवढं तेजस्वी जनावर आमच्या अंगणात कधी धावलं नव्हतं. त्याचे केस त्याच्या मागे मागे येत होते, पिकलेल्या भातशेतावरून वारा जावा तसे. फाटकातून धोंडबा आत येत होता. काथ्या सरळ त्याच्या अंगावर गेला आणि पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर ठेवले.

धोंडबानं काखेतली धोपटी खाली ठेवली. मांडी घालून बसला. कानामागे, काखेत, मांड्यांवर, जिथे जिथे त्यानं गाठी पाहिल्या होत्या तिथे तिथे बोटं घातली, एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं काम तपासावं तशी.

"कुटं कापलंय?"

"कुठेच नाही," येसू म्हणाली.

"एक बी केस?"

"एकही नाही."

काका म्हणाले, "धोंडू, वेळ जातोय."

धोंडबा उठला, पण धोपटी उचलली नाही. "आबासाहेब, माजा हात आज चालायचा नाय."

"का? हाताला काय झालं?"

"हाताला काय नाय झालं. गेल्या साली ह्याच जागी मी वयनींचं केलं. घरी गेलो, भाकर गिळंना. पन मनाला सांगितलं, बाबा, दुसरा इलाज नाय. समदेच बोलतात नाय, तर नसंल." त्यानं काथ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला बी मी तेच बोललो व्हतो. इलाज नाय. पोरीनं पंधरा दिस बसून काडला की इलाज."

"कुत्र्याची आणि शास्त्राची तुलना करतोस?"

"मला शास्तर कळत नाय, आबासाहेब. मला केस कळतात."

"कल्याणात तू एकटाच न्हावी नाहीस."

"नाय तर. बोलवा की दुसरा. मी वाटंनं जाताना समद्यांना सांगत जातो, आबासाहेबांना न्हावी पायजे, मी सोडलंय ते काम. बघू कोन येतो." आणि तो पाटाच्या बाजूनं वळसा घालून फाटकाकडे गेला. तिथे मात्र थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

काकाही माझ्याकडे वळले. "वासुदेवा, घरचा कर्ता तू. तुझं पत्र माझ्या खिशात आहे."

मी म्हटलं, "काका, ते पत्र मला परत द्या."

"लिहिलेलं पत्र परत मागतात?"

"मग राहू द्या आपल्याकडे. आता तोंडी सांगतो. येसूचे केस राहतील." आवाज माझा नव्हता, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून काढतो तो होता. पण शब्द माझेच होते, आणि ते बाहेर पडल्यावर मला कळलं की हे बोलायला मुळीच अवघड नाही. अवघड होतं ते इतके दिवस न बोलणं.

"आणि श्राद्ध? तिच्या हातचं पाणी कोण घेईल?"

 मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मी घेईन."

आई दारातून बाहेर आली होती. आलवण नेसलेली, सोवळ्यातली आई भर उन्हात अंगण ओलांडून आली. काथ्या तिच्या पायांत घोटाळला. तिनं त्याला बाजूला केलं, हातानं. मग पाट उचलला, विहिरीच्या कट्ट्यापाशी नेऊन टाकला आणि येसूच्या मागे त्यावर बसली. येसूच्या मांडीवरची फणी घेतली, तिच्यातले कुत्र्याचे केस पदरानं पुसले.

"सोड गं केस," ती म्हणाली.

येसूनं पदर मागे घेतला. सात वर्षांचा तो गुंडाळा सुटला, पण खाली आला नाही. तसाच एका गोळ्यासारखा राहिला. आईनं तो हातात तोलून पाहिला.

"बाई गं. कुत्र्याहून वाईट."

"कुत्रा निदान वाऱ्यावर तरी हिंडत होता, आई."

आणि आई हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडाला पदर न लावता. फाटकात धोंडबा हसत होता. कुंपणाशी गोदाकाकू होत्या आणि त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं. हे त्यांच्या आयुष्यात त्याआधी घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. काका छत्री घेऊन निघाले. मी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "तुझ्या बापाला हे जमलं नाही." तो ठपका होता की आणखी काही, हे मी विचारलं नाही.

किंमत द्यावी लागली, ती दिली. श्राद्धाला तीन ब्राह्मणांना बोलावलं, एक जण आला. तो आला ते धीटपणानं की भुकेनं, ते मी कधी शोधलं नाही, त्याला दोनदा वाढलं. काही मुलं माझ्या वर्गातून काढली गेली आणि वर्षभरानं परत आली. आमच्याकडे कुणी हळदीकुंकवाला येत नव्हतंच, आता पाण्यालाही येईनासं झालं. पण आईनं त्या दिवशी म्हटलेलं शेवटपर्यंत पाळलं. मरेपर्यंत ती येसूच्या हातचं जेवली. येसूनं ओटीवर मुली जमवून त्यांना वाचायला शिकवलं, आणि ज्या घरांनी आमचं पाणी बंद केलं होतं त्याच घरांतल्या मुली आधी आल्या. पहिली गोदाकाकूंची नात. काथ्या आणखी नऊ वर्षं जगला. दर पावसाळ्यात गुंते होत आणि दर आश्विनात येसू ते सोडवी, गाणी गुणगुणत, कसलीही घाई नसल्यासारखी.

ज्येष्ठात ती गेली त्या दिवशी सकाळपासून सर येत होती, जात होती. बायकांनी तिला आंघोळ घातली. आम्ही पुरुष मागच्या अंगणात तिरडी बांधून तयार होतो. खांदा द्यायला माझे जुने विद्यार्थी आले होते, शेजारी आले होते, धोंडबाचा मुलगा आला होता. आतून बराच वेळ काही हालचाल नव्हती. शेवटी गोदाकाकूंची सून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, आत म्हाताऱ्या अडल्यात. केसांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. सवाष्ण गेली तर तिची रीत त्यांना पाठ होती. विधवेला केसच नसतात, म्हणून तिची काही रीत नव्हती. कमरेपर्यंत रुळणारे, अर्धे रुपेरी केस असलेली आमच्यातली विधवा त्या आळीनं आजवर कधी पोचवलीच नव्हती.

"पूर्वी काय करत?" कुणीतरी मागून विचारलं.

"पूर्वीचं काही नाही," मी म्हटलं. आणि मग सुनेला सांगितलं, "वेणी घाला. घट्ट घाला, सैल तिला आवडत नसे."

ती आत गेली. सर पुन्हा आली, आणि आम्ही पंचवीस-तीस पुरुष त्या पावसात, वेणी पुरी होईपर्यंत उभे राहिलो.